शाळेच्या नोंदींच्या राखीव प्रती : एक वेळापत्रक

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आजच्या परिषदेत वाचन, गणित आणि पटनोंदणी या विषयांवर आपण विचारविनिमय केला. त्या मानाने माझ्या वाट्यास आलेला विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. शाळेच्या संगणकात ज्या नोंदी साठविलेल्या असतात त्यांच्या राखीव प्रती, म्हणजे नेहमीच्या बोलण्यात आपण ज्यांना बॅकअप म्हणतो त्या, केव्हा घ्याव्यात, किती घ्याव्यात आणि कोठे ठेवाव्यात, याचे वेळापत्रक आखणे एवढाच हा विषय आहे. तथापि या रुक्ष विषयाच्या पोटात मुलांचे हित दडलेले आहे, आणि म्हणूनच आपला थोडा वेळ मी घेत आहे.

पुढील प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवला असेल. मधल्या सुटीत एक वृद्ध गृहस्थ शाळेच्या दारात येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "गुरुजी, माझे वडील या शाळेत शिकले होते. नातवाच्या जात पडताळणीसाठी त्यांच्या नोंदीचा उतारा हवा आहे." मुख्याध्यापक कपाट उघडतात, लोकल बोर्डाच्या काळातील जनरल रजिस्टर बाहेर काढतात, आणि जीर्ण पानावर बोट फिरवीत एका ओळीवर थांबतात. नाव, जात, जन्मतारीख, दाखल दिनांक. त्या एका ओळीवर त्या मुलाचा पुढील प्रवेश अवलंबून असतो. ती लिहिणाऱ्या गुरुजींना आपण कोणते मोठे काम करीत आहोत याची कल्पनाही नसेल. त्यांनी नोंद नीट लिहिली, आणि त्यांच्यामागून आलेल्या प्रत्येकाने ती नीट जपली, एवढेच.

आज आपण अशा कित्येक ओळी प्रथम संगणकात लिहितो. शासनाच्या संकेतस्थळांवर भरलेली माहिती तेथील यंत्रणा सांभाळते हे खरे. परंतु हजेरीचे तक्ते, गुणांच्या याद्या, वर्णनात्मक नोंदी, पोषण आहाराचा हिशेब, दाखल्यांचे मसुदे आणि जुन्या रजिस्टरांच्या छायाप्रती या आपल्याच शाळेतील संगणकावर असतात, आणि त्यांचे राखणदार आपणच असतो. कागदाचे शत्रू आपल्या परिचयाचे आहेत. वाळवी दिसते, उंदराने कुरतडलेले दिसते, गळके छप्पर दिसते. संगणकातील हार्ड डिस्क मात्र काल चालू असते आणि आज, कोणतीही पूर्वसूचना न देता, बंद पडते.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात वळवाच्या पावसाबरोबर विजा कडाडल्या आणि दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेचा संगणक सुरू होईना. हार्ड डिस्क निकामी झाली असल्याचे दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले. मी फारसा घाबरलो नाही, कारण मी राखीव प्रत घेतलेली होती. परंतु ती ज्या पेनड्राइव्हवर होती तो संगणकालाच लावून ठेवलेला होता, आणि संगणकाबरोबर तोही गेला. टेबलाच्या खणात दुसरा एक पेनड्राइव्ह सापडला, तर त्यातील प्रत जानेवारी महिन्यातील निघाली. ती उघडली तेव्हा मुलांच्या नावांच्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसू लागली. मजकूर ज्या जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलिखित केला होता, तो फाँट दुसऱ्या संगणकावर नव्हता. फाँट मिळवून ते निस्तरले. उत्तरपत्रिका शाळेत होत्या, म्हणून गुण पुन्हा लिहून काढता आले. परंतु प्रत्येक मुलाविषयी वर्षभर केलेल्या निरीक्षणाच्या ज्या नोंदी होत्या, त्यांपैकी जानेवारीनंतरच्या सर्व नोंदी कायमच्या नाहीशा झाल्या. त्या कोणत्याही उत्तरपत्रिकेत नव्हत्या.

या प्रसंगात माझ्या तीन चुका झाल्या. प्रत मूळ नोंदीच्या शेजारीच होती, दुसरी प्रत फार जुनी होती, आणि कोणतीही प्रत मी कधी उघडून पाहिली नव्हती. प्रत घेण्याचा उत्साह माझ्यात होता, वेळापत्रक नव्हते. म्हणून आज मला एकच गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे : ठरलेल्या दिवशी घेतलेली, दूर ठेवलेली आणि उघडून पडताळलेली प्रत हीच प्रत होय. बाकीच्या प्रती म्हणजे केवळ आपल्या मनाचे समाधान.

वेळापत्रक आखताना आपण सामान्यतः साधनांपासून सुरुवात करतो. पेनड्राइव्ह घ्यावा की मोठी डिस्क, असा प्रश्न आधी विचारतो. माझ्या मते सुरुवात नोंदींपासून करावी, आणि प्रत्येक नोंदीविषयी दोन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न असा की, संगणक या क्षणी बंद पडला तर या नोंदीचे किती दिवसांचे काम पुन्हा लिहून काढण्याची आपली तयारी आहे ? दुसरा असा की, ही नोंद हाती नसताना शाळेचे काम किती दिवस चालू शकेल ? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून प्रत किती दिवसांनी घ्यावी हे ठरते. दुसऱ्याच्या उत्तरावरून ती किती जवळ आणि किती सज्ज ठेवावी हे ठरते.

या दृष्टीने पाहिल्यास शाळेच्या नोंदींचे चार वर्ग पडतात. पहिल्या वर्गात रोज बदलणाऱ्या नोंदी येतात, उदाहरणार्थ हजेरी आणि पोषण आहाराचा साठा. येथे एका दिवसाचे काम पुन्हा करता येईल, आठवड्याचे करणे कठीण जाईल. दुसऱ्या वर्गात विशिष्ट काळी भरल्या जाणाऱ्या नोंदी येतात. गुणांच्या याद्या आणि वर्णनात्मक नोंदी या त्यांतल्या. चाचण्यांच्या दिवसांत यांची प्रत त्याच दिवशी घेतली पाहिजे, एरवी आठवड्याने घेतली तरी चालते. तिसरा वर्ग स्थायी नोंदींचा. जनरल रजिस्टरांच्या छायाप्रती, दिलेल्या दाखल्यांच्या प्रती, शाळेच्या जागेची व इमारतीची कागदपत्रे यांत बदल क्वचितच होतो, परंतु यांतील एक पानही गमावणे परवडणारे नाही. चौथा वर्ग छायाचित्रांचा व चित्रफितींचा. स्नेहसंमेलनाची छायाचित्रे गेली तर वाईट वाटेल, पण कोणाचा प्रवेश अडणार नाही.

ही वर्गवारी व्यवहारात फार उपयोगी पडते, कारण आकार आणि महत्त्व यांचे प्रमाण बहुधा व्यस्त असते. एक छापील पान स्कॅन केल्यास त्याचा आकार सुमारे एक मेगाबाइट होतो असे धरू. म्हणजे चारशे पानांचे एक जनरल रजिस्टर चारशे मेगाबाइटांत मावते, आणि सोळा गिगाबाइटांच्या पेनड्राइव्हवर अशी तीसहून अधिक रजिस्टरे बसतात. उलटपक्षी मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र चार मेगाबाइटांचे धरले, तर वर्षभरातील दोन हजार छायाचित्रे आठ गिगाबाइट जागा अडवितात, म्हणजे वीस रजिस्टरांइतकी. सर्व एकाच फोल्डरमध्ये ठेवल्यास प्रत घेण्यास तासभर लागतो, आणि ज्या कामास तासभर लागतो ते काम चार दिवसांत बंद पडते. यास्तव छायाचित्रे वेगळी ठेवावीत, म्हणजे महत्त्वाच्या नोंदींची प्रत काही मिनिटांत होते.

"आकार फार मोठा आहे, म्हणून प्रत घेतली नाही," ही सबब मोठमोठ्या कार्यालयांतही सांगितली जाते. दक्षिण कोरियातील देजॉन शहरात शासकीय संगणकांचे एक राष्ट्रीय केंद्र आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तेथे लिथियम बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असताना आग लागली. सरकारी कर्मचारी आपली कार्यालयीन कागदपत्रे ज्या सामायिक भांडारात ठेवीत, ते भांडार या आगीत नष्ट झाले. त्यात ८५८ टेराबाइट माहिती होती. एक टेराबाइट म्हणजे सुमारे एक हजार गिगाबाइट. भांडाराचा आकार मोठा असल्याने त्याची बाहेर दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. एवढ्या प्रगत देशाच्या राज्यकारभारात जे घडले, ते आपल्या शाळेत घडणार नाही असे मानण्यास आधार नाही.

आता प्रती किती व कोठे, याचा विचार करू. पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने एक सुटसुटीत नियम रूढ केला असून संगणकाच्या क्षेत्रात तो 'तीन, दोन, एक' या नावाने ओळखला जातो. प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीच्या मूळ प्रतीसह तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक तरी निराळ्या ठिकाणी असावी. तीन प्रती एकाच दिवशी नष्ट होण्याची शक्यता कमी असते. साधने निराळी असली म्हणजे एकाच दोषाने सर्वांचा घात होत नाही. आणि ठिकाण निराळे असले म्हणजे आग, पूर वा चोरी या संकटांतून एक प्रत वाचते.

हे तत्त्व आपणांस अगदीच नवे नाही. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या, तरी अभंग लोकांच्या मुखी होते आणि संताजी जगनाडे यांच्या वह्यांतही लिहिलेले होते, असे परंपरा सांगते. जे अनेक ठिकाणी असते, ते एका डोहात बुडत नाही.

'निराळे ठिकाण' या शब्दांकडे मात्र बारकाईने पाहिले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी दुसरी प्रत मुख्याध्यापकांच्या घरी ठेवतात, आणि घर त्याच गावात असते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगा या नद्यांना महापूर आला, तेव्हा सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत कित्येक गावांत शाळा आणि घरे एकाच पाण्याखाली होती. म्हणून नदीकाठच्या शाळेने आपली दूरची प्रत त्याच नदीच्या काठी ठेवू नये. केंद्रशाळा उंचावर असेल तर ती योग्य होय, अन्यथा दुसऱ्या केंद्राशी देवघेव करावी.

इतकी पूर्वतयारी झाल्यावर वेळापत्रकाकडे वळू. यासाठी एक पेनड्राइव्ह आणि दोन हार्ड डिस्क एवढी साधने पुरेशी आहेत. सोयीसाठी डिस्कांना 'अ' आणि 'ब' म्हणू.

रोजचे काम असे. शाळा सुटण्यापूर्वी पहिल्या वर्गातील नोंदी, आणि चाचण्यांच्या काळात दुसऱ्या वर्गातीलही, पेनड्राइव्हवर घ्याव्यात. पेनड्राइव्हवर सोमवार ते शनिवार असे सहा फोल्डर असावेत. या सोमवारची प्रत पुढील सोमवारी पुसून तेथे नवी ठेवावी, म्हणजे मागील सहा दिवसांच्या प्रती सतत हाताशी राहतात. प्रत घेऊन झाल्यावर पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवावा. संगणकाला लावून ठेवू नये, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

आठवड्याचे काम शनिवारी करावे. त्या दिवशी शाळा सकाळची असल्याने मुले गेल्यावर थोडी सवड मिळते. पहिल्या तीन वर्गांतील सर्व नोंदींची संपूर्ण प्रत 'अ' डिस्कवर घ्यावी आणि फोल्डरला दिनांकाचे नाव द्यावे. दिनांक लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा, म्हणजे संगणक ते फोल्डर आपोआप कालक्रमाने लावतो. अशा पाच आठवड्यांच्या प्रती ठेवून त्याहून जुनी पुसावी.

महिन्याचे काम केंद्राच्या शिक्षण परिषदेला जोडावे. परिषदेच्या आदल्या दिवशी चारही वर्गांची प्रत 'ब' डिस्कवर घ्यावी आणि परिषदेस येताना ती सोबत आणून केंद्रशाळेच्या कपाटात, मोहोरबंद पाकिटात, ठेवावी. पुढील परिषदेच्या आधी ती परत न्यावी लागेल, आणि त्या अवधीत दूरची प्रत नसल्यासारखी होईल. ते टाळावयाचे असल्यास शाळा व्यवस्थापन समितीच्या संमतीने आणखी एक डिस्क घेऊन दोन्ही आळीपाळीने वापराव्यात. महिन्याच्या बारा प्रती ठेवाव्यात.

वर्षाचे काम निकालानंतर आणि उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी करावे. त्या वर्षाची अखेरची प्रत स्वतंत्र ठेवावी आणि ती कधीही पुसू नये. स्थायी नोंदी व निकालपत्रके छापून, सही-शिक्क्यानिशी बांधून ठेवावीत. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिल्यास त्यातील मजकूर नष्ट होऊ शकतो, आणि हार्ड डिस्कही अमर नाही. म्हणून कायमच्या प्रतीदेखील काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवून घ्याव्या लागतात, जसे आपले पूर्वज जीर्ण पोथी नव्या कागदावर उतरवून घेत.

या चार वेळांखेरीज एक नैमित्तिक वेळ आहे. संगणक दुरुस्तीस देण्यापूर्वी, त्यात नवी प्रणाली घालण्यापूर्वी आणि दिवाळीच्या सुटीपूर्वी संपूर्ण प्रत घेतल्याशिवाय राहू नये.

कोणी विचारील की, रोज ताजी प्रत असताना महिन्याच्या जुन्या प्रतींची आवश्यकता काय ? याचे उत्तर आपल्या सर्वांच्या हातून होणाऱ्या एका चुकीत आहे. तक्त्यात मुलांची नावे अक्षरानुक्रमाने लावताना फक्त नावांचा स्तंभ निवडला जातो आणि जन्मतारखा मूळ जागीच राहतात. क्षणार्धात पहिल्याची जन्मतारीख सातव्याची होते. ही चूक त्या दिवशी दिसत नाही, ती तीन महिन्यांनी एखादा दाखला लिहिताना दिसते. तोपर्यंत रोजच्या सहा आणि आठवड्याच्या पाच प्रतींत तीच चूक विश्वासाने उतरलेली असते. अशा वेळी चार महिन्यांपूर्वीची प्रतच उपयोगी पडते. संगणकाच्या परिभाषेत या पद्धतीस आजोबा, वडील आणि मुलगा अशा नात्यांची नावे आहेत. रोजची प्रत मुलगा, आठवड्याची वडील आणि महिन्याची आजोबा. घरात जसे काही प्रश्न आजोबांनाच ठाऊक असतात, तसेच येथेही आहे.

यावरच दुसरी एक शंका घेतली जाते. मोबाइलवरील वा इंटरनेटवरील भांडारात सर्व काही आपोआप जात असताना हा खटाटोप कशासाठी ? अशी भांडारे उपयुक्त आहेत, आणि ज्या गावी इंटरनेटची सोय चांगली आहे तेथे त्यांचा उपयोग तिसऱ्या प्रतीसाठी अवश्य करावा. परंतु आपोआप जुळवून घेणे आणि राखीव प्रत ठेवणे या भिन्न गोष्टी आहेत. जुळवून घेणारे भांडार आरशासारखे असते. येथील फाइल आपण पुसली की तेथीलही पुसली जाते, येथे बिघडली की तेथेही बिघडते. काही दिवस ती तेथील टोपलीत सापडते, पुढे तीही मुदत संपते.

कायम जोडून ठेवलेल्या डिस्कचीही हीच अडचण आहे. संगणकात शिरून सर्व फाइलींना सांकेतिक कुलूप घालणारे आणि ते उघडण्यासाठी खंडणी मागणारे दुष्ट प्रोग्रॅम आता सर्वत्र फिरत आहेत. ते जोडलेल्या पेनड्राइव्हला व डिस्कलाही कुलूप घालतात. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर असाच हल्ला झाला. पाच सर्व्हरांवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयाचे काम कित्येक दिवस हाताने कागदावर लिहून चालवावे लागले. परंतु राखीव प्रतीचा एक सर्व्हर या हल्ल्यातून बचावला होता. त्यावरून रुग्णांची माहिती नव्या सर्व्हरांवर परत आणता आली. संगणकापासून अलग असलेल्या प्रतीचे मोल यावरून ध्यानी येईल.

आता मी माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो, तो म्हणजे प्रतीची पडताळणी. गिटलॅब नावाची एक संस्था जगभरच्या संगणक-तज्ज्ञांचे काम आपल्याकडे साठवून ठेवते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याने रात्री उशिरा, थकलेल्या अवस्थेत, चुकीच्या सर्व्हरवरील माहिती पुसण्याची आज्ञा दिली. चूक लक्षात येऊन त्याने काही क्षणांत आज्ञा थांबविली, तोवर सुमारे तीनशे गिगाबाइटांपैकी साडेचारच शिल्लक राहिले होते. संस्थेकडे राखीव प्रतींची एक सोडून अनेक व्यवस्था होत्या. पाहावयास गेले तेव्हा रोजची प्रत तयारच होत नव्हती असे आढळले. प्रोग्रॅमच्या आवृत्त्या जुळत नसल्याने ते काम रोज निष्फळ होत होते, आणि तशी सूचना देणारी ई-पत्रेही वाटेतच नाकारली जात होती. सुदैवाने एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी एक प्रत घेतली होती. तिच्यावरून बहुतेक माहिती परत आली, आणि सहा तासांची कायमची गेली. या संस्थेचे कौतुक असे की, तिने काही न लपविता सारी हकीकत जाहीर केली, म्हणूनच आज आपण तिच्यापासून शिकू शकतो.

तज्ज्ञांनी भरलेल्या संस्थेत जर हे घडते, तर आपण आपल्या प्रतींवर न पाहता विश्वास ठेवणे योग्य नव्हे. यासाठी मी दोन प्रकारची परीक्षा सुचवितो. मुलांची चाचणी आपण घेतो, तशीच प्रतींचीही घ्यावी. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या शनिवारी एखाद्या विद्यार्थ्याला "एक हजेरी क्रमांक सांग," असे म्हणावे, आणि त्या क्रमांकाच्या मुलाची नोंद राखीव प्रतीतून, दुसऱ्याच संगणकावर, उघडून कागदावरील नोंदीशी ताडून पाहावी. जुना फाँट, विसरलेला पासवर्ड, अर्धवट उतरलेली फाइल हे सर्व दोष या पाच मिनिटांच्या परीक्षेत उघडकीस येतात. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवण्याचे कामही हळूहळू उरकावे. दुसरी परीक्षा वर्षातून दोनदा, दिवाळीच्या सुटीपूर्वी आणि निकालानंतर घ्यावी. त्या दिवशी शाळेचा संगणक नाहीसा झाला आहे असे समजावे, आणि केवळ दूरच्या प्रतीवरून हजेरी, गुण व एक दाखला तयार करून पाहावा. किती वेळ लागला तो लिहून ठेवावा. आरंभी जो दुसरा प्रश्न आपण विचारला होता, त्याचे खरे उत्तर येथे मिळते.

या सर्वांसाठी एक साधी नोंदवही घालावी. तीत दिनांक, कोणत्या नोंदी, कोणत्या साधनावर, फाइलींची संख्या व आकार, प्रत उघडून पाहिली किंवा नाही, आणि सही एवढे रकाने असावेत. आकाराचा रकाना क्षुल्लक वाटेल, पण काल चाळीस मेगाबाइट असलेली प्रत आज दोनच मेगाबाइट झाली तर काही बिघडले आहे हे कोणालाही समजते. नोंदवही कागदाचीच असावी. संगणक बंद पडल्यावर प्रत कोठे आहे हे सांगणारी वही त्याच संगणकात असणे शहाणपणाचे नाही.

काम कोणाचे, हेही नावानिशी ठरले पाहिजे. "कोणीतरी घेईल," असे म्हटलेली प्रत कोणीच घेत नाही. एक शिक्षक मुख्य आणि एक पर्यायी नेमावा, म्हणजे एकाच्या रजेत काम खंडित होत नाही. द्विशिक्षकी शाळेत दोघांनी आळीपाळीने करावे. जेथे एकच शिक्षक आहे तेथे केंद्रातील शेजारच्या शाळेने साहाय्य करावे, आणि त्या शाळेला रोजचे नव्हे तरी शनिवारचे काम चुकू देऊ नये. आपल्या बदल्या होतात. चार्ज देताना आपण टेबल-खुर्च्या मोजून देतो, त्या यादीत यापुढे राखीव प्रती, त्यांचे पासवर्ड आणि ही नोंदवही यांचाही समावेश असावा, आणि चार्ज घेणाऱ्याने एक प्रत समक्ष उघडून पाहूनच सही करावी.

पासवर्डाचा उल्लेख आला म्हणून एक दक्षतेची सूचना. या नोंदींत मुलांच्या जन्मतारखा, जाती, आधार क्रमांक आणि पालकांचे दूरध्वनी असतात. प्रती जितक्या अधिक, तितकी ही माहिती भलत्याच्या हाती जाण्याची वाट अधिक. म्हणून प्रत्येक प्रतीस सांकेतिक कुलूप असावे, पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात असावा, आणि सोय म्हणून अशा याद्या मोबाइलच्या गटांवर टाकण्याची सवय आपण सोडावी. जुना पेनड्राइव्ह टाकून देताना तो फोडून टाकावा.

बंधुभगिनींनो, आपल्यावर कामांचा भार आधीच पुष्कळ आहे हे मी जाणतो. त्यात हे आणखी एक काम मी घालीत आहे. परंतु हिशेब करून पाहा. रोजची पाच मिनिटे, शनिवारचा अर्धा तास आणि महिन्याची एक तपासणी एवढाच हा भार आहे. मी माझी उन्हाळ्याची सुटी गुण पुन्हा लिहिण्यात घालविली, तेव्हा रोजची पाच मिनिटे किती स्वस्त होती हे मला समजले. सर्व वेळापत्रक एकदम अमलात आणणे जमले नाही, तर येत्या शनिवारी एकच गोष्ट करावी. जनरल रजिस्टराची व चालू वर्षाच्या नोंदींची एक प्रत घेऊन ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, आणि शाळेबाहेर सुरक्षित ठेवावी. बाकीचे त्यामागून येईल.

आज जे मूल पहिलीच्या वर्गात आपल्यासमोर बसले आहे, ते पन्नास-साठ वर्षांनी आपल्या नातवाचा हात धरून याच शाळेच्या दारात येईल. त्या वेळी आपल्यापैकी कोणीही येथे नसेल. जे कोणी गुरुजी वा बाई असतील, त्यांना त्या मुलाची ओळ सापडली पाहिजे. ती सापडावी याची व्यवस्था आज आपल्या हाती आहे.